सल्ला मागायला कोणाकडे जायचं?

तत्त्वज्ञान हा विषय आम्हाला नव्हता. तरी सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शाळेतच, शाखानिवडीचा कोरा अर्ज घेऊन भाषेच्या सरांपुढे उभा असताना. "काय घेऊ, सर?" यावर त्यांनी उत्तराऐवजी एक हकिकत सांगितली.

महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. सार्त्रकडे त्याचा एक विद्यार्थी आला. थोरला भाऊ १९४० च्या आक्रमणात मारला गेलेला, आईचा सगळा जीव आता याच्यावर. इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रेंच सैन्यात जावं, की आईजवळ राहावं? सार्त्र एवढंच म्हणाला : तू स्वतंत्र आहेस, निवड कर.

मला सरांचा रागच आला. हे कसलं मार्गदर्शन!

ही हकिकत सार्त्रच्या ऑक्टोबर १९४५ मधल्या पॅरिसच्या व्याख्यानातली. पुढे ते पूर्ण वाचलं, तेव्हा सरांनी न सांगितलेला भाग सापडला. सल्ला कोणाला विचारायचा हे ठरवतानाच आपण बरंचसं ठरवून टाकलेलं असतं, असं सार्त्र म्हणतो. धर्मगुरूकडे जाणार? मग कोणत्या, जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या की विरोध करणाऱ्या? मीही गणिताच्या बाईंकडे गेलो नव्हतोच की! 'सरांनी सांगितलं म्हणून घेतलं' असं आयुष्यभर म्हणायची सोय मला हवी होती, आणि नेमकी तीच त्यांनी काढून घेतली. स्वतःच्या निवडीवर असं दुसऱ्याचं नाव घालण्याला सार्त्र आत्मवंचना म्हणतो.

पण सार्त्रचं सगळंच मला पटत नाही. 'निवड न करणं हीसुद्धा निवडच' हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू करता येत नाही. सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेने तिच्या १९४७ च्या पुस्तकात हे जास्त नीट मांडलंय. ज्यांना दुसरी वाट आहे हेच कधी कळू दिलं नाही, त्यांना दोष कसा देणार? वाट दिसल्यावरही पाठ फिरवली, तर मात्र ती जबाबदारी ज्याची त्याची.

आमच्या वर्गात काही मुलींचे अर्ज घरूनच भरून आले होते. त्यांतल्या दोघींच्या घरी सर जाऊन आले, हे मला फार उशिरा कळलं. तिथे त्यांनी हकिकत वगैरे काही सांगितली नाही. पालकांना सरळ सल्ला दिला, तोही बराच आवाज चढवून.