आमची वाटचाल : कोशातला शब्द सापडेपर्यंत

सुरुवात डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याची. कोल्हापुरात लग्नपत्रिका आणि संस्थांचे वार्षिक अहवाल जुळवता जुळवता जुने कोश आणि सूची स्कॅन करण्याची कामं येऊ लागली. पहिली कामं फ्लॅटबेड स्कॅनरवर केली, ती चूकच. जाड खंड काचेवर पालथा दाबला की शिवणीजवळची अक्षरं वाकतात, पुठ्ठ्याचा सांधा उसवतो, आणि जुना पिवळा कागद दुमडला की तुकडाच हातात येतो. आता खंड व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडतो, वर काच टेकवतो, दोन कॅमेरे डावं-उजवं पान टिपतात. मागची छपाई दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवायचा.

४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) १० बाय ७ इंचांचं रंगीत पान टिफमध्ये, म्हणजे न दाबलेल्या मूळ चित्राच्या फाइलमध्ये, सुमारे ३४ एमबी भरतं, म्हणजे ५०० पानांचा खंड १७ जीबी. जागा वाचवायला टिफ पुसू नये. पीडीएफ त्यावरून कधीही नव्याने होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात पानं लाटांसारखी होतात, फोकस एका कडेला सुटतो, लेन्सला बुरशी धरते. कॅमेरे सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात. कसर लागलेला खंड बाकीच्यांत मिसळायचा नाही.

स्कॅनआधी पानं मोजणं कंटाळवाणं, पण तिथेच काम वाचतं. एखादा १६ पानी फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेली पानं) उलटा शिवलेला निघतो. गहाळ पान दुसऱ्या प्रतीतून घेताना आवृत्ती तीच आहे ना, हे पाहावं, नाहीतर नोंदी जुळत नाहीत.

पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणजे कॉपीराइटचा हक्क संपला, असं नव्हे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं मोजावी लागतात. राजाराम कॉलेजात शिकवलेले, फारसी-मराठी कोश करणारे माधव ज्यूलियन १९३९ साली वारले, तिथे प्रश्न नाही. नंतर कुणी जोडलेल्या पुरवणीचा हिशेब मात्र वेगळा.

खरी डोकेदुखी ओसीआरची, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढण्याची. टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीला मराठी येतं, पण दोन स्तंभांचं पान तसंच दिलं तर डावीकडची ओळ उजवीकडे घुसते. आधी स्तंभ कापायचे. मग अनुस्वार. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ असतं. वाचक शोधतो ‘नाही’. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून शोधासाठी वेगळी सूची करतो. तिथेही सरसकट अनुस्वार गाळला की ‘खंत’ शोधणाऱ्याला ‘खत’ मिळतं, म्हणून गाळायचे शब्द यादी करूनच. ‘दऱ्या’मधला ऱ्य तर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत) दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे. एकच रूप ठरवून बाकीचं बदलून घ्यावं लागतं.

म्हणून हल्ली पूर्ण मजकुराच्या मागे आधी लागत नाही. प्रत्येक पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द हाताने टंकतो. ५०० पानांना १००० शब्द. एवढ्यावर वाचक नेमक्या पानावर पोचतो. फक्त संगणकाच्या अकारविल्हेवर विसंबू नये. संगणक बऱ्याचदा क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये टाकतो. काही कोशांत ही दोन्ही अक्षरं ळ नंतर, अगदी शेवटी असतात. क्रम छापील कोशाचाच धरायचा.