तुम्ही विचारलंत म्हणून: नळ नाही, संडास नाही, मग राहायचं कसं?

मिनेसोटात राहणाऱ्या मराठी घरांतून उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत सुपीरियर राष्ट्रीय वन आहे. तिथे म्हणे बुकिंग न करता, एक पैसा न देता तंबू टाकता येतो. खरं का? आणि खरं असेल तर पाण्याचं, संडासचं, अस्वलांचं काय करायचं?

खरं आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या या वनात, आखलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. फक्त बाउंड्री वॉटर्सशी याची गल्लत करू नका. ते याच वनातलं संरक्षित क्षेत्र असलं, तरी तिथले नियम निराळे. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात तिथे रात्रीच्या मुक्कामाला मोजकीच परमिटं मिळतात, एका गटात नऊच माणसं चालतात आणि पत्र्याच्या डब्यातलं किंवा काचेच्या बाटलीतलं खाणं-पिणं नेता येत नाही. इथे लिहितोय ते त्या हद्दीच्या बाहेरचं.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जवळजवळ एकाच गोष्टीत आहेत, ती म्हणजे जागा. पाणी किती लांबून आणायचं, खड्डा खणता येईल का, झाड अंगावर पडेल का, अस्वल फिरकेल का, हे सगळं तंबूची पहिली खुंटी ठोकण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून दुपारी तीनच्या आत पोचा. अंधारात निवडलेली जागा चांगली निघाली तर ते नशीब समजायचं.

जागा शोधायला वनखात्याचा मोटर व्हेइकल यूज मॅप घ्या. तो फुकट असतो. कोणत्या रस्त्यावर कोणती गाडी, कोणत्या महिन्यांत चालते, ते त्यावर असतं. तिकडे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि कागदावरही छापा. इली गावाहून निघणारा एको ट्रेल आणि ग्रँड मरे गावाहून निघणारा ५७ मैलांचा गनफ्लिंट ट्रेल हे नावाला ट्रेल असले तरी मोटारीचे रस्ते आहेत, आणि त्यांना जागोजागी वनरस्ते फुटतात. त्या फाट्यांवर जुन्या मुरमाच्या खाणी आणि पूर्वी लाकडं ट्रकमध्ये भरायला केलेली मोकळी पटांगणं सापडतात. जमीन सपाट, गाडी वळवायला जागा, शिवाय हिरवळ तुडवली जात नाही. मात्र ताजे ओंडके रचलेले दिसले किंवा टायरचे ओले ठसे दिसले तर पुढे जा, पहाटे तिथे ट्रक येतात. वनाची जमीन सलग नाही. मध्ये खाजगी, काउंटीच्या आणि राज्याच्या जमिनी आहेत, त्यामुळे हद्द नकाशात नीट पाहा. तळ्यापासून आणि पायवाटेपासून २०० फूट दूर राहा. मोठ्या माणसाच्या पावलांनी ते साधारण ७० पावलं भरतं.

आता आधी वर बघा. १९९९च्या ४ जुलैला आलेल्या वादळाने इथली लाखो एकरांवरची झाडं आडवी केली. शिवाय स्प्रूस बडवर्म नावाची अळी बाल्सम फरची झाडं सतत मारत असते. मेलेलं फर ओळखायला सोपं: करडं खोड, सुटलेली साल, वाळक्या फांद्यांवर लोंबणारं शेवाळासारखं दगडफूल. असं झाड जेवढं उंच, निदान तेवढ्या अंतराबाहेर तंबू हवा. वारा नसतानाही ती कोसळतात.

मग खाली. पाइनच्या सुया एखाद्या उथळ खळग्यात गोळा झाल्या असतील तर पावसाचं पाणीही तिथेच गोळा होणार. माती बोटभर आणि खाली ग्रॅनाइट, त्यामुळे खुंटी दोन इंचांवर अडते. हातोडीने ठोकलीत तर वाकेल. त्याऐवजी दोरीचं टोक अंगठ्याएवढ्या जाड, हातभर काडीला बांधा, काडी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्यासमोर, तंबूच्या बाजूला, उचलायला जड वाटेल असा दगड ठेवा. दोरी ताणली की काडी दगडाला अडते. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर रात्रभर घासून तुटते. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. बाहेर डोकावली तर छतावरून ओघळलेलं पाणी तीच तुमच्या पाठीखाली आणून सोडेल.

संडासचा प्रश्न लोक शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, पण तो सुरुवातीलाच सोडवायला हवा. पोचल्यावर उजेडातच जागा हेरून खड्डा खणून ठेवा. पाणी, वाट आणि तंबू, तिन्हींपासून ७० पावलं. खोली सहा ते आठ इंच, रुंदी वितीएवढी. काळी, भुसभुशीत माती हवी, कारण मैला कुजवणारे जीव तिथेच असतात. खडकामुळे सहा इंच खणता आलं नाही तर तळ्यापासून आणखी आत, दाट झाडीत जा, माती वाढत जाते. खोदलेली माती बाजूला जपून ठेवा आणि शेवटी तीच भरून वर पाला पसरा. आपल्याकडच्या पाण्याच्या सवयीचा इथे फायदाच होतो. अर्ध्या लिटरची बाटली पुरते, पाणी खड्ड्यातच जातं आणि कागद उरत नाही. कागद वापरलाच तर तो पुरू नका, जनावरं उकरतात. दुहेरी झिप पिशवीतून परत आणा. साबणाने हात धुवायचे तेही तळ्यापासून तितक्याच लांब. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी तळ्यात नको.

पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं दिसेल. दलदलीतल्या पानांचा आणि सालींचा तो रंग आहे, त्याने अपाय होत नाही. अपाय होतो तो जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या सूक्ष्म परजीवीने, आणि तो नितळ पाण्यातही असतो. ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणी वापरा, नाहीतर पाणी खळखळून एक मिनिट उकळा. काठाजवळचा गाळ गाळणी बंद पाडतो, म्हणून बादलीत पाणी भरून तासभर निवळू द्या आणि वरचं घ्या. पोकळ धाग्यांची गाळणी एकदा ओली झाली की गोठू देऊ नका. धागे चिरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, थंडीच्या रात्री ती झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर असेल तर त्या तळ्याला हातही लावू नका. त्या थरातलं विष उकळूनही जात नाही. दोघांना स्वयंपाकासकट दिवसाला आठ ते दहा लिटर धरा.

अस्वलं इथे काळी असतात, आणि त्यांना ओढ असते ती वासाची. डबे, मसाले, टूथपेस्ट, उष्टं, कुत्र्याचं खाणं, सगळं त्यात आलं. नियम असा की सामान जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून सहा फूट लांब टांगायचं. पण उत्तरेच्या जंगलात तशी फांदी मिळणं हीच खरी अडचण. ब्लॅक स्प्रूसच्या फांद्या बोटाएवढ्या, रेड पाइनला हाताच्या टप्प्यात फांदीच नाही, बर्चची फांदी वजनाने खाली येते. टांगायचंच असेल तर ५० फूट दोरी घ्या, एका मोज्यात मुठीएवढा दगड घालून मोजा दोरीला बांधा आणि तो खालून, हात सरळ ठेवून, झोका देत फेका. उघडा दगड गाठीतून निसटून डोक्यावर येतो. दोरी सहा मिलिमीटरची, गुळगुळीत हवी, बारीक दोरी वजनाने सालीत रुतते आणि सकाळी सुटत नाही. माझा सल्ला मात्र सरळ आहे: कडक प्लास्टिकचा अस्वलरोधक डबा घ्या. तो तंबूपासून ७० पावलांवर, सपाट जमिनीवर ठेवा. उतारावर किंवा पाण्याकाठी ठेवलात तर अस्वल तो उघडणार नाही, पण ढकलून तळ्यात घालवेल.

स्वयंपाकही तंबूपासून तितक्याच अंतरावर करायचा. हिंग-मोहरीची फोडणी घरी करून, गार करून, बाटलीत भरून न्या. जंगलात उकळण्यापुरताच गॅस जाळा. मूगडाळ-तांदूळ मिळून माणशी १५० ग्रॅम, अर्धा तास भिजवले तर गॅस बराच वाचतो. दोन रात्री, दोन माणसं, गॅसचा २३० ग्रॅमचा एक डबा, हा हिशेब बसतो. पण डब्यात साधा ब्यूटेन असेल तर शून्य अंशाच्या आसपास तो वायूच होत नाही आणि पहाटेच्या चहाला ज्योत मरते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण मागा.

शेकोटीची बंदी आहे का, ते निघायच्या दिवशी वनखात्याकडे तपासा. २००७ची हॅम लेकची आग एका शेकोटीतून सुरू झाली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ७५,००० एकर जळालं. इथली वरची माती म्हणजे कुजलेल्या पाल्याचा थर. निखारा त्यात शिरला की आत धुमसत मुळांवाटे सरकतो आणि दोन दिवसांनी दुसरीकडे पेटतो. म्हणून जाळ आधीच केलेल्या दगडी कड्यात किंवा मुरमावर करा. लाकूड पडलेलं, मेलेलं, मनगटाएवढं घ्या. घरून लाकूड आणू नका, त्यातून अॅश झाडं मारणारा किडा पसरतो, मिनेसोटात तो २००९ सालीच सापडला आहे. विझवताना आठ-दहा लिटर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि हाताची मागची बाजू राखेत टेकवून बघा. कोमट लागली तर अजून विझलेली नाही.

महिना कोणता, हेही विचारता. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्या, मग जुलै सरेपर्यंत डास. गोचिडी मात्र बर्फ नसेल तेव्हा केव्हाही. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक घरीच, बाहेर टांगून फवारा आणि पूर्ण वाळू द्या. ओलं असताना ते मांजरांना आणि पाण्यातल्या माशांना घातक असतं. रोज रात्री काखा, जांघा, कानामागे बघा. हरणाच्या गोचिडीने लाइम रोग द्यायला सहसा २४ तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं, म्हणून ही तपासणी उपयोगी पडते. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. डास ओसरलेले, पाणी अजून पोहण्याजोगं, रात्री मात्र चार-पाच अंशांपर्यंत उतरतात. १ सप्टेंबरपासून अस्वलांची शिकार सुरू होते, तेव्हा भडक नारिंगी टोपी सगळ्यांना, कुत्र्यालाही पट्टा. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि मिनियापोलिसहून इली गाडीने चार-साडेचार तास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार असाल तर पहिल्या रात्रीसाठी इलीजवळच्या फॉल लेकसारखं पैसे देऊन राहायचं कॅम्पग्राउंड धरा, आणि फुकटची जागा शनिवारी सकाळच्या उजेडात शोधा.