खंडेनवमीचं कोर्ट

खंडेनवमीला सकाळी सात वाजता आम्ही सगळे माजी खेळाडू कॉलेजच्या टेनिस कोर्टावर जमतो. आदल्या संध्याकाळी मातीला पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, पहाटे चुन्याच्या रेघा मारून होतात, आणि बेसलाइनच्या मागे सतरंजी अंथरून त्यावर रॅकेटी मांडतात. लाकूड वाकू नये म्हणून प्रेसच्या चौकटीत आवळलेल्या जुन्या लाकडी रॅकेटी सगळ्यांत पुढे. प्रत्येकीला हळद-कुंकू आणि झेंडूचं एक फूल. रोलरलाही हार असतो, आणि तो आमच्या टेनिसच्या सरांनीच घालायचा.

मग सर नेट मोजतात. टेप कधीच वापरत नाहीत. एक लाकडी रॅकेट नेटच्या मधोमध उभी धरायची, ती २७ इंच. तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं टेकवायचं, ते ९ इंच. झाले ३ फूट. नेटचा मधला पट्टा जरा ओढतात, पुन्हा सैल करतात, वाकून बघतात. हल्लीच्या रॅकेटींची डोकी मोठी, त्यांनी हे माप जुळत नाही. म्हणून त्या दोन लाकडी रॅकेटी आम्ही जिवापाड जपल्या आहेत.

दीपप्रज्वलन, अहवाल, प्राचार्यांचे दोन शब्द हे पंधरा मिनिटांत होतं. खरा कार्यक्रम त्यानंतरचा. दरवर्षी एका माजी खेळाडूने उभं राहून आपण हरलेल्या एका मॅचबद्दल बोलायचं. जिंकलेल्या मॅचबद्दल बोलायला परवानगी नाही. ही सरांची अट, आणि पहिल्या वर्षापासून ती मोडलेली नाही.

सर स्वतः शाळकरी वयात १९७४ची डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या टेनिस स्पर्धेची, लढत बघायला गेले होते. पुण्यात भारताने सोव्हिएत संघाला हरवलं, विजय आणि आनंद अमृतराज आपल्या संघात होते. अंतिम फेरीत गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायचं नाही असं भारताने ठरवलं आणि कप त्यांच्याकडे गेला. अकरावीच्या प्रत्येक नव्या बॅचला सरांनी ही हकिकत पहिल्या आठवड्यात सांगितली आहे. ती मॅच हरलेल्यांत धरायची की नाही, हा आमच्यातला वाद अजून मिटलेला नाही. मी धरत नाही.

कॉलेजात सर मानधनावर लागले आणि कित्येक वर्षं मानधनावरच राहिले. पैसे तीन-तीन महिने थकायचे. सकाळी साडेपाचला कोर्टावर, दुपारी घरी बसून लोकांच्या रॅकेटींना गट, म्हणजे जाळीची तार, भरायचे, संध्याकाळी परत कोर्टावर. आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघताना आमच्या डब्यांची सोय सरांच्या घरच्या काकूंनी केली, कुठल्याही खात्याने नाही. हे कुठल्याच अहवालात येत नाही म्हणून इथे लिहितो.

ऐकलेल्या बोलण्यांत दोन माझ्या मनातून जात नाहीत. एक आमच्या लातूरच्या ताईंचं. आंतरमहाविद्यालयीन फायनल, शेवटची डबल्स, त्यांनी चेंडू बाहेर म्हणून हात वर केला. समोरच्या मुलीने ठसा बघायला सांगितलं. ताई गेल्या, वाकल्या. ओल्या मातीतला ठसा चुन्याला नखभर लागला होता आणि कडेचा चुना पुसला गेला होता. ‘चेंडू आत होता’ असं स्वतःच्या तोंडाने सांगून त्या पॉइंट हरल्या आणि मॅचही. हे सांगताना ताईंनी बोटाने हवेत ती रेघ काढून दाखवली. सर खाली बघत बुटाने माती सारखी करत होते.

दुसरं मार्करकाकांचं. मार्कर म्हणजे खेळाडूंना सराव देण्यासाठी समोरून खेळणारा. ते कॉलेजचे विद्यार्थी नव्हेत, पण आमच्यातल्या प्रत्येकाला पलीकडून पहिला चेंडू त्यांनीच दिला. ते एवढंच म्हणाले, ‘मी काय सांगू? मी रोजच हरायचो. पोरांचा हात बसावा म्हणून हरायचो.’ कोणाला काही सुचेना. सर उठले, झेंडूचं फूल बाजूला ठेवून एक रॅकेट काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘आज मन लावून खेळा.’ हळद-कुंकवाच्या रॅकेटीनेच सरांचा आणि काकांचा एक सेट झाला. काकांनी ६-२ जिंकला. तो बॅकहँड आम्ही इतकी वर्षं पाहिलाच नव्हता.

सर आपल्या हरलेल्या मॅचबद्दल बोलायचं नेहमी टाळायचे. पुढच्या खंडेनवमीला आपणहून उभे राहिले आणि ६-२चा तो सेट पॉइंट बाय पॉइंट सांगितला. काका पहिल्या रांगेत होते. मी रडलो, माझ्या शेजारचेही रडले.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१७ला पुण्यात बालेवाडीला न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस कप होता, लिअँडर पेसचा या स्पर्धेतला विक्रमी ४३वा डबल्स विजय बघायचा म्हणून आमचे सगळे माजी खेळाडू सहकुटुंब हजर होते. पेस आणि विष्णू वर्धन हरले, तरी कोणी जागचं हललं नाही. त्याच बालेवाडी-बाणेरच्या मंडळींना खंडेनवमीला कॉलेजपर्यंत येणं जमत नाही, आणि लातूरच्या ताई रात्रभर एसटीत बसून येतात. सर कोणाची चौकशी करत नाहीत, पण खुर्च्या मोजतात. मी बघितलं आहे.

आभार मानायचे आहेत आणि कोणी राहू नये. पाणी मारणारे माळीकाका, चुन्याची गाडी ओढणारी हॉस्टेलची दोन मुलं, सतरंज्या देणारे जिमखान्याचे शिपाई, मिसळीच्या कँटीनच्या मावशी आणि त्यांची सून, झेंडूचे पैसे न घेणारे मंडईतले फुलवाले, माइक लावणारा मुलगा, फोटो काढणारे बॅडमिंटनचे सर, सगळ्यांना फोन करणारी आमची खजिनदार. काकू तर आहेतच. आणि मागच्या वेळी माझ्याकडून राहून गेलेले वॉचमनदादा, जे पहाटे चार वाजता उठून आमच्यासाठी फाटक उघडतात.