टोकियोतले आठ महिने

टोकियोत येऊन आठवडा झाला असेल, आणि माझी कचऱ्याची पिशवी कुणी उचललीच नाही. निळ्या जाळीखालच्या बाकी सगळ्यांच्या पिशव्या गेल्या होत्या, माझी एकटी मागे राहिली होती, वर एक स्टिकर चिकटवलेला. त्यावर काय लिहिलंय ते वाचता येईना. पिशवी उचलून तिसऱ्या मजल्यावर परत आणली आणि बराच वेळ तशीच दारात बसून राहिले. परक्या गावात आल्याचं विमानतळावर जाणवलं नव्हतं, ते त्या दिवशी जाणवलं.

मार्च २०२४च्या अखेरीस कंपनीच्या कामासाठी पुण्याहून आठ महिने जायचं ठरलं. घर एदोगावा वॉर्डात मिळालं, तोझाई लाइनवरच्या निशी-कासाई स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. या भागात भारतीय खूप आहेत. तूरडाळ, मोहरी, हिंग सगळं मिळतं. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि उगाचच धीर आला.

कागदपत्रांची मी फार धास्ती घेतली होती, पण ते सोपं निघालं. रेसिडेन्स कार्ड विमानतळावरच हातात मिळतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, तो ते कार्डाच्या मागे छापून देतात. बँक आणि फोनचं ऑफिसातल्या लोकांनी बघितलं. वॉर्ड ऑफिसातून निघताना हातात जी माहितीपत्रकं पडली त्यात कचऱ्याचा तक्ताही होता. मी तो न बघता ड्रॉवरमध्ये टाकला. खरं तर सगळ्यात आधी तोच भिंतीवर लावायला हवा होता.

पुण्यात दारात येणाऱ्या ताईंकडे ओला-सुका वेगळा करून दिला की आपलं काम संपतं. इथे वार ठरलेले. आमच्या गल्लीत जळणारा कचरा सोमवारी आणि गुरुवारी, तोही सकाळी आठच्या आत. बाटल्या, डबे, कागद आठवड्यातून एकदा. न जळणारा महिन्यातून फक्त दोनदा. कावळे पिशव्या फाडतात म्हणून वर जाळी ओढायची. मी प्लास्टिकच्या बाटल्या सगळ्या कचऱ्यात एकत्रच टाकल्या होत्या.

हे मला शिकवलं शेजारच्या आजींनी. सत्तरी उलटलेली बाई, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि मला जपानीचं. त्यांनी माझ्या पिशवीतली एक बाटली काढली, झाकण वेगळं केलं, नखाने लेबल सोलून काढलं, बाटली विसळली, पायाखाली चपटी केली आणि माझ्या हातात दिली. मग दुसरी बाटली पुढे केली. आता तू कर. दुधाचा कागदी खोकाही तसाच: धुवायचा, कात्रीने उलगडायचा, वाळवायचा, मग गठ्ठा बांधायचा. मी केलेला पहिला गठ्ठा त्यांनी सोडून पुन्हा बांधला.

स्टिकर वाचता आला नाही याची सल होती, म्हणून 'काना' ही जपानी अक्षरं शिकायला घेतली. तक्ता उघडला तर समोर अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली बाराखडीच! बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी लिपी आणि संस्कृत वर्णमालेचा अभ्यास तिकडे गेला, त्यातून हा क्रम बसला. हजारभर वर्षांपूर्वी गेलेली आपली उजळणी ट्रेनमध्ये उभ्याने म्हणताना मला फार आनंद व्हायचा. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे मोडकंतोडकं बोलणं लवकर जमलं.

भाजीचं तर मला नवलच वाटलं. कोमात्सुना ही पालेभाजी या एदोगावातलीच, कोमात्सुगावा गावावरून तिचं नाव पडलं. शोगुन, म्हणजे जपानचा तेव्हाचा लष्करी शासक, तोकुगावा योशिमुने शिकारीला आला असताना त्याने ते दिलं असं सांगतात. पालकापेक्षा जाड देठ, चवीला किंचित मोहरीसारखी. लसूण-मिरचीची फोडणी देऊन, वर भिजवलेली मूगडाळ घालून केली तर कुणाला परदेशी वाटणार नाही. एका रविवारी वाटीभर आजींना दिली. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली, आत दोन संत्री. रिकामी वाटी परत करू नये हे इथेही आहे तर.

आजींनीच मला सेंतोला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराला नेलं. बायकांचा विभाग वेगळा, पण कपडे सगळ्यांनीच काढायचे, त्यामुळे पहिल्या दिवशी पाय उचलेना. आत गेल्यावर कुणी कुणाकडे बघत नाही. छोट्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, मगच कढत पाण्याच्या टाकीत उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. भिंतीवर फुजी पर्वत रंगवलेला. ऑगस्टमध्ये दर ५२० चे ५५० येन झाले, तरी मी दर शुक्रवारी जायचेच. दिवसभराच्या ऑफिसानंतर तिथे मान टेकली की डोकं रिकामं व्हायचं.

घरून काम असेल त्या दिवशी पाच वाजता रस्त्यावरच्या भोंग्यांतून बालगीताची चाल वाजायची. भूकंपाच्या इशाऱ्यासाठी लावलेले भोंगे नीट चालतात ना, हे त्यातून रोज तपासलं जातं. मुलं खेळ आवरून घरी निघायची. मीही लॅपटॉप मिटून आराकावा नदीच्या बांधावर चालायला जायचे. जूनमध्ये तिथेही पावसाळा लागतो, पण आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसचे दिवस नुसता झिमझिमतो.

नोव्हेंबरात निघायची वेळ आली. वॉर्ड ऑफिसात गाव सोडत असल्याची नोंद केली. पंखा आणि छोटं टेबल मोठ्या कचऱ्यात, म्हणजे आधी तारीख घ्यायची, दुकानातून ठरावीक किमतीचे स्टिकर आणून चिकटवायचे. या वेळी सगळं मी एकटीने वाचून केलं.

विमान रविवारी सकाळी होतं. जळणारा कचरा सोमवारी. शेवटच्या स्वयंपाकाची सालं, चहाचा चोथा, एक लहानशी पिशवी उरली होती आणि ती कुठे ठेवावी कळेना. सकाळी सहाला बॅगा बाहेर काढल्या तर आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं, हात पुढे केला. "सोमवार," त्या म्हणाल्या, मराठीतच. कधीतरी मीच शिकवलेला शब्द. गाठ एकदा ओढून बघितली आणि पिशवी आपल्या दाराआड ठेवून घेतली.