दोन सुताचा नॉब: आमची वाटचाल

आमचा गाळा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. आबांनी इथं उभी हयात ऑइल इंजिनांचे सुटे भाग करण्यात घालवली. विहिरींवर विजेच्या मोटारी बसत गेल्या तसं ते काम आटत गेलं. २०१५ साली मी गाळ्यात बसायला लागलो तेव्हा दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक टर्नर काका आणि महिन्यातले निम्मे दिवस रिकामे, एवढंच भांडवल होतं.

नॉबचं, म्हणजे बोटांनी फिरवायच्या गोल मुठीचं, काम पुण्याहून भाच्यानं आणलं. तो प्लायवूडच्या पेटीत घरच्या घरी व्हिडिओ गेमचं मशीन बांधत होता. पूर्वी पार्लरात नाणं टाकून खेळायचो, तसलं. आत साधा कॉम्प्युटर आणि त्यावर १९९७ पासून चालत आलेला ‘मेम’ नावाचा प्रोग्राम. जुन्या मशीनमधले गेम त्यावर चालतात. जॉयस्टिक आणि बटणं बाजारात मिळाली. अडलं होतं ते स्पिनरवर.

अटारीचा १९८१ चा टेम्पेस्ट किंवा टाइटोचा १९८६ चा आर्कनॉइड जॉयस्टिकनं खेळण्यात गंमत नाही. त्यांना गोल फिरणारी मूठ लागते, आणि तीही रेडिओच्या बटणासारखी कुठं अडणारी नाही, कितीही वेढे घेणारी. खाली ऑप्टिकल एन्कोडर असतो, मूठ किती फिरली ते तो कॉम्प्युटरला कळवतो. भाच्याकडं कारखान्यांत वापरतात तो ६०० पल्सचा होता, सहा एमएमच्या दांड्याचा. एका पल्सच्या चार, अशा एका वेढ्यात कॉम्प्युटरला २,४०० पायऱ्या मोजता येतात. दांडा तयार होता, धरायला मूठ नव्हती.

काकांनी अर्ध्या तासात ॲल्युमिनियमचा नॉब काढून दिला. वर पकडीसाठी नर्लिंगची खरबरीत नक्षी, बाजूला दांड्यावर आवळायला ग्रब स्क्रू. दिसायला देखणा. भाच्याचा रात्री फोन आला, “मामा, फिरवला की लगेच थांबतोय.”

मी वजन वाढवायचं म्हणून पितळेचा भरीव करायला निघालो होतो. आबा खुर्चीत बसून बघत होते. नॉब हातात घेतला, बोटानं फिरवला आणि म्हणाले, “मधी वजन घालून काय उपेग? इंजनाच्या चाकाचं बघितलंस न्हवं? सगळा भार कडंला.” चाळीस वर्षं फ्लायव्हील बघितलेल्या माणसाला सूत्र लागत नाही. मला लागलं, म्हणून वहीत मांडून पाहिलं. भरीव चकतीची जाडी तीच ठेवून व्यास ३८ वरून ४५ एमएम केला, तर जडत्व जवळजवळ दुप्पट होतं. मग आम्ही ॲल्युमिनियमचा नॉब खालून पोखरला आणि कडेला पोलादाची कडी प्रेसनं बसवली. नॉब भोवऱ्यासारखा फिरत राहिला. भाच्यानं त्याचा व्हिडिओ मित्रांना पाठवला आणि तिथून ऑर्डरी सुरू झाल्या, आधी पुणे-बंगळुरूच्या, मग अमेरिका-इंग्लंडच्या.

व्हिडिओचा एक तोटाही झाला. जो तो ‘मिनिटभर फिरणारा’ नॉब मागायला लागला. माझं मत विचाराल तर तो दाखवायला चांगला, खेळायला नाही. टेम्पेस्टमध्ये झटका देऊन नळीच्या काठानं पलीकडं पोचायचं असतं, तिथं जड नॉब हवा. आर्कनॉइडमध्ये मात्र चेंडू खाली येतो तिथंच फळी थांबली पाहिजे; जड नॉब बोटाला न जुमानता पुढं जातो आणि चेंडू गेला. शिवाय एन्कोडरचं बेअरिंग लहान, त्यावर किलोचं धूड ठेवायचं नसतं. आता मी गिऱ्हाइकाला आधी ‘खेळता काय?’ विचारतो, रंग नंतर.

आता दोन सुताची गोष्ट. अमेरिकेतून चाळीस नॉबची पहिली मोठी ऑर्डर आली. तिकडच्या स्पिनरचा दांडा पाव इंची. मी काकांना तोंडी सांगितलं, “भोक दोन सूत.” उद्यमनगरात दोन सुती सळई मागा, दुकानदार सहा एमएमची काढून देईल, कुणाचं काही बिघडत नाही. काकांनी सवयीनं सहाचा रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार, घातला. पण दोन सूत म्हणजे खरं तर पाव इंच, ६.३५ एमएम. चाळीस नॉब समुद्रापार गेले आणि एकही दांड्यावर उतरेना. त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाकडं रीमर कुठला असणार? दुसरे चाळीस करून आमच्या खर्चानं पाठवले. त्या वर्षीचा नफा कुरियरवाल्याकडं गेला. काकांना बोललो नाही, चूक माझ्या तोंडाची होती.

तेव्हापासून गाळ्यात तोंडी माप बंद. कागदावर, एमएममध्ये, दोन दशांशापर्यंत, आणि प्रत्येक भोकात प्लग गेज, म्हणजे माप तपासायची दांडी, घालून बघायची. आबा हसले, पण गेजनं पुढच्याच वर्षी वाचवलं. काळे नॉब ॲनोडायझिंगला, म्हणजे ॲल्युमिनियमवर रंगीत कडक थर चढवायला, दिले होते. थर २० मायक्रॉनचा, त्यातला साधारण निम्मा धातूच्या बाहेर वाढतो. केसापेक्षा बारीक, पण भोकाच्या दोन्ही बाजूंना वाढला आणि ६.३६ चं भोक ६.३४ झालं. गेज आत जाईना. आता भोकात रबरी बूच मारूनच माल ॲनोडायझिंगला पाठवतो.

पोट अजून जॉबवर्कवरच चालतं. नॉबांनी सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, हप्ता भरला, एवढं मात्र खरं. काका निवृत्त झाले, त्यांचा मुलगा सीएनसीवर आहे. आबा रोज अकराला येतात आणि पॅकिंगआधी प्रत्येक नॉब दांड्यावर चढवून फिरवतात. डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना नॉब किती डुलतो ते, आम्ही बघतोच, पण आबांनी बाजूला काढलेला सहसा डायलवरही नापास होतो.

सध्या डोकं खातेय ती थंडी. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकानं लिहिलं की गॅरेजात हिवाळ्यात धातू हाताला चावतो. म्हणून वरून डेलरिनची, म्हणजे एका कडक प्लास्टिकची, टोपी घालून बघतोय. वजनाला हलकी, लेथवर लोण्यासारखी कापते, पण नर्लिंग धड उठत नाही, बोट घसरतं. काल उभ्या खाचा पाडून पाहिल्या. चोवीस जास्त झाल्या, आज अठरा पाडणार आहे.