एक हात कमी पडलेलं शीड

आमची बावीस फुटी शिडाची होडी वर्षातले बरेच महिने त्रिमूर्तीनगरात, घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रेलरवरच उभी असते. नागपूरला समुद्र नाही, पण पन्नासेक किलोमीटरवर रामटेकजवळ खिंडसी आहे. त्या पाण्यावर शिडात वारा भरला की मला दुसरं काही सुचत नाही. यंदा मुंबईहून वापरलेला जिनोआ आणला, म्हणजे डोलकाठीच्या पुढे लागणारं मोठं तिकोनी शीड. ते फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळून ठेवणाऱ्या यंत्रणेवर, चढवायचं काम पहिल्यांदाच स्वतः केलं.

नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, डोलकाठीच्या शेंड्याकडे जी तार जाते ती फोरस्टे. तिच्यावर ॲल्युमिनियमची लांब नळी असते, नळीला उभी खाच. शिडाच्या पुढच्या कडेला शिवलेली गोल पट्टी त्या खाचेतून वर सरकत जाते. खाली दोरीचा ड्रम, वर फिरता स्विव्हल. ड्रमची दोरी ओढली की नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं.

काम प्लॉटवरच करून पाहायचं ठरवलं. डोलकाठी उभी करण्याआधी ट्रेलर चांगला मागे घेतला, कारण कोपऱ्यावरून विजेच्या तारा जातात आणि काठी आठ मीटरची, तीही ॲल्युमिनियमची. इथे घाई जिवावर बेतू शकते. वेळ निवडली सकाळी साडेसहाची. मार्च महिना, दहा वाजले की वारा सुटतो, आणि अर्धवट चढलेलं शीड वाऱ्यात दोघांनाही आवरत नाही.

आधी फोरस्टे ताणून घेतला. तारच सैल असली तर शिडाची कड कितीही ओढा, वाऱ्यात झोळ पडणारच. मग खालचा कोपरा ड्रमला, वरचा स्विव्हलला, आणि स्विव्हलला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी. भाचा पट्टी खाचेत भरवत होता, मी हॅलयार्ड ओढत होतो. अर्ध्यावर शीड अडलं. मी जोर लावणार तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, काहून ओढून राहिले? फाटंल ना!" खरंच होतं त्याचं. शीड उतरवलं, ओल्या सुती चिंधीची गाठ दोरीला बांधून खाचेतून वरपर्यंत फिरवली. चिंधी काळीकुट्ट होऊन आली. वर्षभराची धूळ होती ती. पट्टीवर थोडा सिलिकॉन स्प्रे मारला आणि शीड सरसर वर गेलं.

गुंडाळायची दिशाही आधीच ठरवावी लागते. मागच्या आणि खालच्या कडेला निळी पट्टी शिवलेली असते, गुंडाळल्यावर ती बाहेर राहायला हवी. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात उघडं कापड लवकर कुजतं. ड्रमवर दोरी भरताना दोन-चार वेढे जास्तीचे ठेवले, म्हणजे शीड पुरतं गुंडाळल्यावर त्याच्या शीटांचेही (मागच्या कोपऱ्याला बांधलेल्या, शीड आवरायच्या दोऱ्यांचेही) वर वेढे बसतात आणि ते आपोआप उलगडत नाही.

आता ताण. मला वाटायचं, जितकं घट्ट तितकं चांगलं. नौदलातून निवृत्त झालेल्या मित्राने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "दोरीकडे नको, कापडाकडे बघ." पुढच्या कडेपासून आडव्या सुरकुत्या निघत होत्या, म्हणजे ताण कमी. बोटबोट ओढत गेलो, सुरकुत्या विरल्या. आणखी ओढलं तशी कडेला समांतर एक उभी घडी उठली, म्हणजे ताण जास्त. घडी जेमतेम मावळेल इतकं सोडलं. वारा वाढला की थोडं ओढायचं, काम संपलं की सैल करायचं.

त्या रविवारी खिंडसीवर तासभर उत्तम गेला. परतताना वारा वाढला, शीड गुंडाळायला घेतलं आणि अर्ध्यावर ड्रम थांबला. भाचा ओरडला, "मामा, वरती पाहा, दोरीच गुंडाळून राहिली!" हॅलयार्डचे दोन वेढे नळीवर बसले होते. अशा वेळी विंच, म्हणजे दोरी ओढायचं चक्र, लावून ओढणं सर्वांत वाईट. नळी पिळते, फोरस्टेच्या तारा तुटतात, मग डोलकाठीही जाऊ शकते. ड्रमची दोरी सोडून शीड उलटं उलगडलं, वेढे सुटले, हॅलयार्ड सोडून सगळं कापड डेकवर पाडलं आणि डोलकाठीमागच्या मुख्य शिडावर किनारा गाठला.

कारण घरी मोजल्यावर कळलं. शीड दुसऱ्या होडीचं, आमच्या नळीपेक्षा आखूड. त्यामुळे स्विव्हल खालीच राहत होता आणि हॅलयार्ड तिथून फोरस्टेला जवळजवळ समांतर वर जात होती. वाऱ्याच्या ओढीने ती जराशी सैल पडली आणि नळीबरोबर फिरली. ती स्विव्हलपासून डोलकाठीकडे मागे झुकती जायला हवी, साधारण दहा अंशांनी. स्विव्हल नळीच्या वरच्या टोकाजवळ पोचला की ती तशी जाते. कमी पडत होते 45 सेंटिमीटर, म्हणजे नेमका एक हात. न ताणणाऱ्या डायनिमा दोरीचा तेवढा तुकडा करून शिडाचं डोकं आणि स्विव्हल यांच्यामध्ये बांधला.

पुढच्या रविवारी पाण्यावर मुद्दाम दहा वेळा उघडलं, दहा वेळा गुंडाळलं. भाचा नाळेवर मान वर करून बसला होता. हॅलयार्ड जागची हलली नाही. निळी पट्टी बाहेर, शीटांचे तीन वेढे वर.