सात पुड्या, एक काटा आणि जीरावन

माझ्या भाच्याची बदली सिलिगुडीला झाली. दिवाळीत तो इंदूरला आला तेव्हा मिठाईच्या ऐवजी सात पुड्या घेऊन आला. प्रत्येकीवर पेनाने नाव लिहिलेलं: दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, दार्जिलिंग सेकंड फ्लश, आसामचा लांब पानाचा, आसामचाच सीटीसी, निलगिरी, कांगडा आणि एक हिरवा चहा. "मामा, दूध न घालता पिऊन बघा आणि नंबर द्या," असं म्हणाला आणि मित्रांबरोबर छप्पन दुकानला निघून गेला.

मी जन्मभर लोकांचे हिशेब लिहिले. नंबर द्या म्हटल्यावर मला हुरूपच आला. दोन रविवारांत उरकेल असं वाटलं होतं. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघाली तरी वही चालूच होती.

आमच्या घरात चहा म्हणजे सियागंजातून किलोने आणलेली सुटी चायपत्ती. (माझी पुण्याची बहीण तिला चहा पावडर म्हणते, त्यावरून आमची ही दर वेळी हसते.) पाण्यात आलं ठेचून, साखर, पत्ती, मग दूध, आणि दोन उकळ्या. सवयीने हाताने तेच केलं. सातांतली सगळ्यात महागडी पुडी, फर्स्ट फ्लश, मी त्या पातेल्यात टाकली. आईने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अरे, हे भांडी विसळलेलं पाणी का रे?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपली पत्ती बहुतेक सीटीसी असते. पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याच्या गोळ्या करतात. हे यंत्र आसामात १९३० च्या सुमारास निघालं. गोळी पाण्यात पडली की रंग आणि कडकपणा लगेच सोडते आणि दुधाला पुरून उरते. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या खुडणीचं, म्हणजे फर्स्ट फ्लशचं, दार्जिलिंगचं पान हलकं, अर्धवट हिरवं असतं. त्याला दुधात उकळणं म्हणजे मोगऱ्याला फोडणी देण्यासारखं.

भाच्याला फोन लावला. त्याने चहा चाखण्याची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत पाठवली, आयएसओ ३१०३, १९८० साली निघालेली. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, ताजं उकळलेलं पाणी, झाकण, बरोबर सहा मिनिटं. ज्या ब्रिटिश मानकावरून ती आली त्याची सहा पानं आहेत, आणि त्या सहा पानांना १९९९ साली साहित्याचं इग नोबेल मिळालं होतं. हे वाचून मी आणखी गंभीर झालो. चहा करायला सहा पानं लिहिणारी माणसं आपल्या जातीची, असं वाटलं.

पहिला घोळ काट्याने केला. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो. तो २ म्हणतो तेव्हा खरं वजन दीडही असेल, सव्वादोनही असेल. चमच्याने मोजायला गेलो तर त्याहून वाईट: २ ग्रॅम सीटीसी म्हणजे पोहे खायच्या चमच्यात सपाट एक, आणि तेवढ्याच वजनाचं फर्स्ट फ्लश म्हणजे जेवायचा मोठा चमचा शिगोशीग भरून वर काड्या सांडतात. पहिल्या तीन रविवारांचे सगळे नंबर मी खोडले. मग सोनार वापरतात तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा आणला. हिने विचारलं, "अहो, आता सोनं मोजणार की चहा?"

दुसरा घोळ पाण्याचा, आणि तो मला खरोखर आवडला. आमच्याकडे तीन प्रकारचं पाणी आहे: बोअरिंगचं, आरओचं आणि दिवसाआड येणारं नर्मदेचं. एकच आसाम तिन्हींत केला, तीन पांढऱ्या कपांत, खिडकीपाशी. बोअरिंगच्या कपात चहा काळपट झाला आणि दहा मिनिटांत वर तेलकट साय धरली. चमचा लावला की अभ्रकासारखी तुकड्या-तुकड्यांनी फुटायची. कपाला दूध चिकटून राहिलं असेल म्हणून मी तो स्वतः पुन्हा घासला, पुन्हा तेच. ती साय जड पाण्यातल्या चुन्याची आणि चहातल्या तुरट द्रव्यांची असते. आरओच्या कपात रंग झळझळीत, पण तुरटपणा इतका टोकदार की जीभ टाळूला चिकटावी. नर्मदेचं पाणी दोघांच्या मधलं. रंग स्वच्छ आणि चव गोल. तेव्हापासून चाखणं नर्मदेच्या दिवशी, आणि बाकीचं पाणी बाद.

तापमानाची गंमत वेगळीच. भाच्याने दिलेला थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९८ च्या वर सरकेना. मी तो बिघडला म्हणून बाजूला ठेवला. मग आठवलं, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू अंशभर उतरतो. थर्मामीटर बिचारा भूगोल सांगत होता. हिरव्या चहाला मात्र ७५ च्या आसपासचं पाणी लागतं. पहिल्यांदा मी त्याच्यावर खळखळतं पाणी ओतलं आणि कडूनिंबाचा काढा तयार झाला. त्या चहाशी माझं पुढेही फारसं जमलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल इथेच थांबतो.

नंबर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं, पुडीवरचं नाव आणि किंमत माहीत असली की हात आपोआप आठ लिहितो. फर्स्ट फ्लशच्या पुडीवर तर नावाखाली एसएफटीजीएफओपी-१ असं लिहिलं होतं. एवढी लांब अक्षरमाळ आमच्या घरात फक्त आयएफएससी कोडला आहे. मी ती बघूनच अर्धा नंबर वाढवला होता. नंतर कळलं, ही अक्षरं पानाचा आकार, अखंडपणा आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात; चवीची हमी देत नाहीत.

मग ही मदतीला आली. कपांच्या बुडाला नखांच्या रंगाने आकडे लिहिले, पत्ती तिनेच मोजली, पाणी तिनेच ओतलं. सात कप एकदम जमत नाहीत; किटलीतलं पाणी शेवटच्या कपापर्यंत निवतं आणि पहिला कप जास्त मुरतो. म्हणून चार-चार. कप आमचे दीडशे मिलिलिटरचे, म्हणून पत्ती तीन ग्रॅम. वर बशीचं झाकण, दोन ओतण्यांमध्ये अर्धा मिनिट, आणि गाळतानाही तेच अंतर. वेळ सकाळी सातची, पोह्यांच्या आधी. एकदा पोहे-जलेबीनंतर बसलो होतो. त्या दिवशी सगळे चहा पाणी वाटले.

पहिल्याच आंधळ्या फेरीत मी कांगड्याला साडेआठ दिले आणि वहीत लिहिलं: "ऊबदार, लवंगेची छटा, शेवटी हलकी मिरी." फार खूश होतो. कांगड्याच्या चहाची मला तशीही माया वाटू लागली होती. चिनी बियाणांवर उभे राहिलेले ते मळे १९०५ च्या भूकंपाने मोडले आणि तरी तो चहा अजून टिकून आहे. हिने वही वाचली, पुडी नाकाला लावली आणि म्हणाली, "अहो, हे जीरावन आहे."

सगळ्या पुड्या मसाल्याच्या कपाटात होत्या. कांगड्याची पुडी नीट बंद नव्हती, आणि शेजारी पोह्यांवर घालायच्या जीरावनचा डबा. कोरडी पत्ती वास शोषून घेते, मोगऱ्याचा चहा याच गुणावर करतात. आमच्याकडे जीरावनचा झाला. उरलेल्या सहा पुड्या मी तातडीने कपड्यांच्या कपाटात हलवल्या.

आईला आम्ही गंमत म्हणून बसवलं होतं. वय चौऱ्याऐंशी, चहाची नावं तिला ठाऊक नाहीत आणि ऐकायचीही नाहीत. ती कप बशीत ओतते आणि भुरका मारते. लहानपणी याच भुरक्याबद्दल मी शाळेतल्या सरांच्या घरी बोलणी खाल्ली होती. आता वाचलं की चहाच्या लिलावासाठी चाखणारी पट्टीची माणसंही मुद्दाम जोरात भुरका मारतात, म्हणजे चहा हवेबरोबर जिभेभर फवारला जातो आणि वास मागून नाकात चढतो. मीही बशी घेतली. पहिल्याच भुरक्याला ठसका लागला.

मला वहीत शब्द सुचत नव्हते. भाच्याने पाठवलेल्या यादीतले शब्द, ब्रिस्क, माल्टी, मस्कटेल, माझ्या जिभेवर काहीच उमटवत नव्हते. तीन नंबरच्या कपाला आई म्हणाली, "कोवळं कणीस सोललं की येतो ना, तो वास." भुट्ट्याचा कीस करताना घरभर पसरतो तो हिरवा, दुधाळ वास. मी पुन्हा हुंगलं आणि खरंच तो होता. तो फर्स्ट फ्लश निघाला. एक नंबरला म्हणाली, "सातूचं पीठ." तो आसामचा लांब पानाचा, यादीत त्याच्यापुढे माल्टी लिहिलेला; माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य, मग सातू काय वेगळं? पण चार नंबरला तिने बराच वेळ काही सांगितलं नाही. दुसरी बशी घेतली. मग म्हणाली, "बाळंतिणीला काळ्या मनुका भिजवून देतात, ते पाणी."

हिने कप उलटा केला. सेकंड फ्लश. मे-जूनच्या या चहाची जी चव जगभर नावाजतात तिला मस्कटेल म्हणतात, मस्कट नावाच्या द्राक्षावरून. तुडतुड्यासारखी बारीक हिरवी कीड कोवळं पान चावते, झुडूप स्वतःला वाचवायला रसायनं तयार करतं, आणि त्यातून तो सुगंध येतो. आईने द्राक्षाऐवजी मनुका म्हटलं, एवढाच फरक. त्या दिवसापासून वहीत शब्द आईचे आणि आकडे माझे.

आकड्यांचं मात्र हसं झालं. हिने एकदा मला न सांगता चारपैकी दोन कपांत तोच निलगिरी ठेवला. मी एकाला सहा दिले, दुसऱ्याला साडेआठ, आणि दोघांतला फरकही सविस्तर लिहिला. आईने दोन्हीकडे "बरा" म्हटलं.

आणखी एक कबुली. आसामचे उरलेले कप थंड झाल्यावर गढूळ व्हायचे, कोणी त्यात दूध टाकावं तसे. मी त्याचे प्रत्येक वेळी दोन नंबर कापले. मग कळलं, कडक चहा निवताना त्यातलं कॅफिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून खाली येतात. गरम केला की चहा पुन्हा लख्ख. चाखणाऱ्यांच्या लेखी ही चहात दम असल्याची खूण. म्हणजे मी पाच आठवडे गुणांनाच दंड लावत होतो. सगळ्या बेरजा पुन्हा मांडाव्या लागल्या.

सहा मिनिटांचा नियमही शेवटी फक्त चाखण्यापुरता ठेवला. भाचा म्हणाला, "मामा, ती पद्धत चहातले दोष उघडे पाडायला असते, प्यायला नाही." प्यायला फर्स्ट फ्लश तीन मिनिटांत काढतो, सेकंड फ्लश चारला.

दहापैकी गुण देणं फेब्रुवारीत सोडलं. त्याऐवजी कप सगळ्यांपुढे ठेवायचे, तासाभराने कोणाच्या कपात किती उरलं ते काट्यावर बघायचं. जिभेचा आकडा दर रविवारी बदलायचा, उरलेल्याचा फारसा बदलत नव्हता. सेकंड फ्लश: सरासरी चार ग्रॅम उरला, म्हणजे गाळ आणि थेंब. निलगिरी वीसच्या आसपास. फर्स्ट फ्लश पन्नास. वास आवडतो, पण आम्हाला तो कपभर लागत नाही. हिरवा चहा जवळजवळ जेवढा ओतला तेवढाच. सीटीसीचा बिनदुधाचा कप कोणी पूर्ण केला नाही, मग त्यातच आलं, साखर, दूध घालून उकळला तर तो एकटा शून्यावर आला. कांगड्याची नवी पुडी मागवली आहे. जुने गुण जीरावनच्या खात्यावर.

सेकंड फ्लशचा पाव किलो भाच्याने मार्चमध्ये पाठवला. कपड्यांच्या कपाटात ठेवता येत नाही, तिथे डांबराच्या गोळ्या आहेत; त्या सहा पुड्यांचं शेवटी काय झालं ते यावरून समजा. देवघराखाली उदबत्ती, बाहेरच्या खोलीत आईचं निलगिरी तेल. सध्या तो घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या विवरणपत्रांच्या फायलींमागे आहे. काल आईने बशीतून भुरका मारला, थोडं थांबली आणि म्हणाली, "मनुका आहेत. पण जुनी वही उघडली की येतो तसा वास कुठून येतोय रे?"